डबा जपून ठेवा, साहेब!

अकरा वर्षं एकाच बाकड्यावर बसून काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत राव, ते आपोआप साचतात. आमच्या कोर्टाच्या व्हरांड्यात एक लांब लाकडी बाकडं आहे. त्याच्या डाव्या टोकाला मी बसतो. कोर्ट कुठलं, कंपनी कुठली, ते विचारू नका. नावंही मी बदललीत. केस चालू आहे आणि मी मुळातच घाबरट माणूस!

आधी माझं थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी दत्ता साळुंके. लातूरकडून आलो, काळेवाडीत राहिलो, चाकणच्या एका कंपनीत लेथ मशीनवर टर्नर होतो. अकरा वर्षांपूर्वी फर्स्ट शिफ्ट सुटताना गेटवर माझी पिशवी तपासली. आत स्टीलचा गोल डबा, आणि डब्यात कंपनीचे पितळेचे बुश, मशीनचे गोल सुटे भाग! अख्खी शिफ्ट बघत उभी. मी ओरडलो, "हा डबा माझा नाही!" माझ्या डब्याच्या झाकणावर बायकोचं नाव कोरलेलं होतं, कमल. लग्नातलं भांडं. ह्या झाकणावर काहीच नव्हतं. पण ऐकतो कोण? पंचनामा झाला, डब्याला कापड गुंडाळून लाखेचं सील लागलं, पोलीस केस झाली आणि मी कंपनीबाहेर. माझा खरा डबा कुठं गेला ते आजपर्यंत कळलं नाही. त्याच्या आदल्या आठवड्यात मी स्क्रॅपची गाडी गेटवरून वजन न करता कशी सुटते असं दोघातिघांना विचारलं होतं, एवढंच मला आठवतं.

कंपनीनं लिहून दिलंय, निर्दोष सुटलास तर परत कामावर घेऊ. तो कागद मी लॅमिनेट करून ठेवलाय. मला दुसरं काही नको हो. ज्या गेटातून दंडाला धरून बाहेर काढलं, त्याच गेटातून एकदा कार्ड पंच करून आत जायचंय. एक शिफ्ट केली तरी बास. पण कंपनीत अठ्ठावन्नला रिटायर करतात, आणि माझे अठ्ठावन्न ह्या एकतीस मेला भरतात. आज बावीस तारीख. कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी. रोज सकाळी कॅलेंडर बघतो आणि उरलेले दिवस मोजतो. म्हणून म्हटलं, बोलत बसावं.

* * *

कोर्टात सगळ्यात महत्त्वाचा माणूस जज नाही, खंडूमामा. खंडूमामा आमचे शिपाई. केस निघाली की दारात उभं राहून ते तुमच्या नावाचा पुकारा करतात. तुम्ही आत गेला नाहीत की आरोपी गैरहजर, वॉरंट! आणि मामांचा आवाज चहावर चालतो. चहा पाजला असेल तर नाव पार्किंगपर्यंत ऐकू जातं. नसेल पाजला, तर शेजारी उभ्या माणसालाही वाटतं, मामा जांभई देतायत.

चौथ्या वर्षी मी चहा पाजायला विसरलो आणि नेमका लघवीला गेलो. परत येतो तर वॉरंट! सही करताना माझे हात असे कापत होते की कारकून म्हणाला, "इंग्लिशमध्ये करताय का?"

तेव्हापासून आमच्या बाकड्याचा नियमच झाला. कुणीही उठताना शेजाऱ्याला सांगून उठायचं, आणि पुकारा झाला तर शेजाऱ्यानं सांभाळायचं. शेजारी होते नारायणआण्णा. चाकणकडचे, जुन्या घराण्यातले, आवाज म्हणजे लाऊडस्पीकर. एकदा मी उठलो आणि झाला पुकारा! आण्णा थेट दालनात शिरले आणि भर कोर्टात ओरडले, "हाय हाय! आरोपी हाय! लघवीला गेलाय, आत्ता यील!"

जजसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाले, "आपण आरोपीचे वकील का?"

"न्हाई साहेब, मी बाकड्यावरचा!"

* * *

आण्णांचीही केस होतीच. चुलतभावाशी, सोपानरावांशी. दोघांच्या शेतामधल्या बांधाची. केस दोघांच्या वडिलांनी लावलेली. ते गेले, केस राहिली. दर तारखेला हे दोघे वादी-प्रतिवादी एकाच गाडीतून यायचे. मी विचारलं तर आण्णा म्हणाले, "दोन गाड्या लावाया जागा कुठं हाय हितं?"

बऱ्याच वर्षांनी कोर्टानं बांध मोजायला एक कमिशनर नेमला. कमिशनर म्हणजे कोर्टातर्फे जागा बघून रिपोर्ट देणारे वकील. ते टेप घेऊन गेले, तर तिथं चौदा मजली सोसायटी! गेटवर वॉचमननं अडवलं.

"किधर जाना है?"

"बांध पे."

"फ्लॅट नंबर बोलो, साहब!"

रिपोर्ट आला, वादातील बांध बी विंगच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधोमध असावा. आम्ही सगळे हसलो. मी आण्णांना म्हटलं, "अहो, तुम्ही दोघांनी मिळूनच जमीन बिल्डरला दिलीत ना? मग केस कशाला चालवता?"

आण्णा गंभीर झाले. म्हणाले, "आरं दत्ता, जमीन गेली त्ये खरं हाय. पर बांध कुणाचा हुता त्ये ठराया नगं व्हय?"

तेव्हा मी हसलो होतो. हल्ली हसू येत नाही. रिटायर झाल्यावर निकाल लागला तर लोक मलाही असंच विचारणार की, "आता कशाला?"

* * *

बाकड्यावर मधोमध मंगलताई. शिवणकाम करतात. नवऱ्यानं सोडलं, मग ताईंनी खावटीची, म्हणजे पोटगीची, केस टाकली, त्याला नऊ वर्षं झाली. नवऱ्याला कोर्टाचं समन्स काही पोचत नाही. समन्स घेऊन जातो तो बेलिफ. दर वेळी त्याचा शेरा एकच, 'सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही.'

आता गंमत ऐका. मंगलताईंच्या नवऱ्याची मिसळीची टपरी आहे. कुठं? कोर्टाच्या गेटासमोर! बेलिफ रोज तिथंच नाष्टा करतो, आणि कुणी त्याला पाकीट काढताना बघितलेलं नाही.

एके दिवशी ताई सरळ टपरीवर गेल्या. बेलिफ रस्सा ओरपत होता. शेजारी समन्सचा कागद, त्यावर शेरा लिहिणं चाललेलं. ताईंनी विचारलं, "काय लिहिताय भाऊ?"

तो म्हणाला, "इसम मिळून आला नाही." आणि मान वर न करता त्याच इसमाला म्हणाला, "शेठ, अजून एक पाव!"

ताईंनी मोबाईलवर फोटो काढला. बेलिफ, पाव, कागद, नवरा, सगळे एका फोटोत! आम्हाला वाटलं, आता झालं काम. कोर्टानं फोटो बघितला आणि म्हटलं, मोबाईलमधला फोटो आहे, कायद्याप्रमाणे त्याचं सर्टिफिकेट जोडा. पुढची तारीख तीन महिन्यांनी. ताई बाहेर येऊन बाकड्यावर बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता रडायला कधी लागल्या ते आम्हाला कळलंच नाही. आण्णांनी गुपचूप चहा सांगितला. त्या दिवशी खंडूमामांनीही त्यांचा चहा ताईंना दिला, हे मात्र मी सांगितलंच पाहिजे.

* * *

माझ्या केसनं सहा जज बघितले. प्रत्येक नवे साहेब आले की फाईल उघडून चिडतात. "इतकी जुनी केस? आता रोजच्या रोज चालवा!" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घरी पेढे नेले होते. कमलनं देवापुढं ठेवले. पंधरा दिवसांत साहेबांची बदली!

तिसऱ्या वेळेपर्यंत आम्हाला कळून चुकलं होतं. साहेब चिडले की आण्णा हळूच म्हणायचे, "सामान बांधाया घेतलं वाटतं."

आणि माझी जन्मतारीख! एक जून. ती खरी नाही हो. शाळेत घालताना गुरुजींनी लावलेली. आई म्हणायची, तू थंडीत झालास, शेकोटी पेटवली होती. म्हणजे माझ्या हातात खरं तर अजून सहा महिने असायला पाहिजेत! हे मी बाकड्यावर बोललो, तर आण्णा उडालेच, "मंग जलमतारखंची केस टाक की! ती निकाली निघंस्तवर तू म्हातारा हुत न्हाईस!"

सगळे हसले. मी मात्र दुसऱ्या दिवशी खरंच वकिलांना विचारून आलो. ते म्हणाले, "टाकू शकतो. आठ-दहा वर्षं लागतील."

* * *

घरातलं एक सांगतो, कुणाला बोलू नका. आमच्या गल्लीत अजून काही लोकांना वाटतं, मी कंपनीत आहे. मेहुण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो, पण तारखेच्या दिवशी मी कंपनीचा निळा शर्ट घालून निघतो. पोरीच्या लग्नाचं बघताना कमलनं "ते चाकणला असतात" एवढंच सांगितलं होतं. खोटं नाही बोलली. तारखेला जाताना चाकण लागतंच.

एकदा तोच शर्ट घालून मी पिंजऱ्यात उभा. सरकारी वकिलांनी निरखून बघितलं आणि म्हणाले, "साहेब, नोंद घ्यावी. आरोपीनं कंपनीचा शर्टही अजून परत केलेला नाही!"

एका केसमध्ये दुसरी! तेव्हापासून घरून निळ्या शर्टात निघतो, कोर्टाच्या संडासात पांढरा घालतो, आणि परत येताना पुन्हा निळा. त्या शर्टाची कॉलर दोनदा उलटवून शिवलीय मंगलताईंनी. निकाल लागल्यावर गेटातून आत जाईन तो त्याच शर्टात.

* * *

आता बाकड्याच्या उजव्या टोकाचा माणूस. कदमसाहेब. तेव्हाचे आमचे सिक्युरिटी सुपरवायझर, मिलिटरीतून आलेले. गेटवर मला पकडलं ते ह्यांनीच. माझ्याविरुद्धचे मुख्य साक्षीदार! दर तारखेला साक्ष द्यायला यायचे, आणि कधी जज रजेवर, कधी सरकारी वकील दुसऱ्या कोर्टात. साक्ष न होताच परत.

पहिली दोन वर्षं आम्ही एकमेकांकडे बघतही नव्हतो. मग एकदा बस आलीच नाही. पुकारा चुकणार म्हणून मी रस्त्यावर रडकुंडीला आलेलो. कदमसाहेबांनी स्कूटर थांबवली. "चल दत्ता, बस. दोघांनाही एकाच ठिकाणी जायचंय." तेव्हापासून ते रिटायर झाले तरी मला वाटेत उचलतातच. माझ्या वकिलांनी आम्हाला स्कूटरवरून उतरताना बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, आरोपी आणि साक्षीदार एका स्कूटरवर? जगाला काय दिसेल?"

मी म्हणालो, "काही नाही दिसलं साहेब. हेल्मेट त्यांनी मला दिलं होतं!"

दुपारी ते शेंगदाण्याचे लाडू काढायचे. आईस्क्रीमच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डब्यातून. "आमची शालन मला स्टीलचा डबा देत नाही," म्हणायचे. "म्हणते, तुम्ही हरवता."

मंगलताई म्हणाल्या, "सगळ्या बायका तेच म्हणतात भाऊ."

अकरा वर्षांत मी त्यांना एकदाच विचारलं. बाकड्यावर आम्ही दोघंच होतो. म्हटलं, "साहेब, खरं सांगा. त्या दिवशी माझ्या पिशवीत तो डबा कुणी ठेवला?"

त्यांनी प्लास्टिकचा डबा उघडून माझ्यापुढं केला. मग म्हणाले, "दत्ता, लाडू घे."

* * *

सगळ्यात मोठं लफडं त्या डब्याचंच. जप्त केलेली वस्तू म्हणजे मुद्देमाल. तो पोलीस स्टेशनच्या एका खोलीत असतो. साक्षीच्या दिवशी कोर्टात आणून दाखवावा लागतो, नाही तर साक्ष पुढं सरकत नाही. आमचा डबा कधी आलाच नाही. एकदा खोलीची किल्ली बदली झालेल्या हवालदाराकडे राहिली. एकदा स्टेशन नव्या इमारतीत गेलं. एकदा तर हवालदार सीलबंद गाठोडं घेऊन आला, मोठ्या ऐटीत सोडलं, तर आत प्रेशर कुकर!

जजसाहेब म्हणाले, "हा डबा आहे?"

हवालदार अटेन्शनमध्ये म्हणाला, "झाकण आहे साहेब त्याला!"

मग तो मला बाजूला घेऊन गेला. खांद्यावर हात ठेवला. "साळुंके, एवढा त्रास कशाला घेता? आमच्याकडे बघा जरा. डबा हरवतो. उंदरांनी नेला म्हणून लिहितो. पुरावा नाही, केस नाही!" माझे वकील तर खूश! असं सोयीचं कुणाला मिळतं?

मी त्या हवालदाराचे हात धरले. "हरवू नका हो! काय वाटेल ते करा, पण डबा हरवू नका! तो माझा डबा नाही, हे त्या डब्याशिवाय कोण सांगणार?"

हवालदाराच्या अख्ख्या नोकरीत पुरावा सांभाळा म्हणून पाया पडणारा आरोपी त्यानं बघितला नव्हता. तेव्हापासून मी दर महिन्याला त्या स्टेशनला जातो. सगळ्यांना चहा सांगतो, खोलीत टाकायला डांबराच्या गोळ्या देतो, आणि निघताना म्हणतो, "डबा जपून ठेवा, साहेब!" लोक केस दाबायला चहा पाजतात, मी उघडी राहावी म्हणून पाजतो. कमल म्हणते, "स्वतःच्या डब्याची कधी एवढी काळजी केली नाहीत."

* * *

आणि मग ह्या मे महिन्याच्या सुरुवातीला, सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी, डबा आला!

सहाव्या जज म्हणजे एक तरुण मॅडम. कडक. बाकड्यावरचे सगळे दारात येऊन उभे. कदमसाहेब साक्षीच्या पिंजऱ्यात. हवालदारानं गाठोडं टेबलावर ठेवलं. डांबराच्या गोळ्यांचा वास अख्ख्या दालनात पसरला. सील शाबूत. लाख फुटेना, तेव्हा खंडूमामांनी किल्लीनं फोडली. कापड निघालं. तोच गोल डबा. आत पितळेचे बुश, काळे पडलेले.

"झाकणावर नाव नाही, मॅडम!" माझे वकील ओरडले. "आरोपी पहिल्या दिवसापासून हेच सांगतोय. त्याच्या डब्यावर कमल असं नाव होतं!"

सरकारी वकील उठलेसुद्धा नाहीत. बसूनच म्हणाले, "झाकण काय, बदलता येतं."

झालं! अकरा वर्षं उंदरांपासून जपलेला माझा एकुलता एक साक्षीदार एका वाक्यात गेला. मी पिंजऱ्याची दांडी धरली.

मॅडम मात्र डबा हातात घेऊन बघत होत्या. त्यांनी बुश टेबलावर काढले आणि डबा उलटा केला. पदरानं बूड पुसलं. "इथं खाली काहीतरी कोरलंय," म्हणाल्या, आणि डबा कारकुनाकडं दिला. "मोठ्यानं वाचा. टाईप होऊ द्या."

कारकुनानं खिडकीकडं तिरपा धरून वाचलं, "चि. शालन हिस, मामाकडून, सप्रेम भेट."

टाईप करणाऱ्या बाईंनी ते टाईप केलं. दारात मंगलताईंनी तोंडाला पदर लावला. आण्णांचा आवाज अकरा वर्षांत पहिल्यांदा गेला. सरकारी वकील आता उठले. "ही शालन कोण?"

मी कदमसाहेबांकडे बघितलं. बाकड्यावरच्या सगळ्यांनी बघितलं. मॅडमनी आमच्या नजरा बघितल्या आणि त्यांनीही बघितलं.

"साक्षीदार," मॅडम म्हणाल्या, "आपल्या पत्नीचं नाव काय?"

कदमसाहेबांनी पाणी मागितलं. अर्धं पाणी शर्टावर सांडलं. म्हणाले, चक्कर येतेय. खंडूमामांनी खुर्ची आणली. घड्याळात साडेपाच वाजून गेले होते. मॅडमनी घड्याळ बघितलं, डबा बघितला, आणि पेन उचललं. "साक्षीदाराची प्रकृती ठीक नाही. उरलेली उलटतपासणी सुट्टीनंतर. नऊ जून."

"मॅडम," मी हात जोडले, "एकतीस मेला माझे..."

"नऊ जून," मॅडम म्हणाल्या. आवाज हळू होता. त्यांनाही वाईट वाटलं असावं.

डबा पुन्हा कापडात गेला. नवीन लाख लागली. मी संडासात जाऊन पांढरा शर्ट काढला, निळा घातला, बटणं लावायला मला खूप वेळ लागला.

बाहेर आलो तर कदमसाहेब पार्किंगमध्ये उभे. स्कूटर चालू केलेली. मागची सीट नेहमीसारखी रुमालानं पुसलेली. हेल्मेट माझ्यासमोर धरलं. मी घेतलं नाही, आणि निघूनही गेलो नाही.

खाली मान घालून ते म्हणाले, "दत्ता, शालन अकरा वर्षं विचारतेय रे, तो डबा कुठं गेला म्हणून."